साकीतलं अर्थशास्त्र

अप्पांचा आवाज गेला आणि त्याच्या मागोमाग आमच्या घरातलं ताक पातळ झालं. मद्रासचे लोक त्यांना 'रायर' म्हणत. तंजावरकडच्या मराठी माणसाला तमिळ लोकांनी दिलेलं ते सरसकट नाव. अप्पा हरिकथा करत. निरूपण तमिळमध्ये आणि मधली साकी, दिंडी, ओवी आपल्या मराठीत, अशी ती आमच्याकडची जुनी रीत. तंजावरला कथेचे दिवस सरत आले, मद्रासला सभा, म्हणजे गाण्या-कथांचे कार्यक्रम करणाऱ्या संस्था, पुष्कळ, तिथे बरं चालेल, असं कुणीतरी सांगितलं म्हणून ते आम्हाला घेऊन इकडे आले. सभा होत्या, पण सभांना आता गाणं हवं होतं, कथा नको होती. तरी देवळातून, लग्नघरांतून बोलावणी येत आणि घर चाले. मग एका रामनवमीच्या कथांनंतर त्यांचा घसा बसला तो बसलाच. आधी खरखर, मग फाटका सूर, मग नुसती कुजबुज. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला आणि सांगितलं, "जपा, ताण देऊ नका, पण पहिल्यासारखं होईल असं समजू नका." अप्पांनी मान डोलावली. त्या दिवशी घरी येताना त्यांनी वाटेत कुणाशीच बोलायचा प्रयत्न केला नाही.

चिंताद्रिपेटेत एका मोठ्या घराच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. त्याला सगळे 'पोर्शन' म्हणत. पुढे घरमालकीण लक्ष्मी मामी, मधे विहीर, मागे आम्ही तिघं. आई मामींच्या ओसरीवर बसून अप्पळम, म्हणजे उडदाचे पापड, लाटू लागली, आणि मुंजी-लग्नांच्या घरी पाक करायला, म्हणजे स्वयंपाकाला, जाऊ लागली. सकाळी आम्ही रात्रीचा भात ताकात कालवून खात असू, बरोबर मिठातली मिरची. बरा दिवस असला तर डांगर पचडी, म्हणजे उडदाचं पीठ ताकात कालवून वर मोहरीची फोडणी. आजही माझी नात ते खायला मागते, तेव्हा मला हसू येतं. तिला ती चैन वाटते. आम्हाला त्या पचडीत उडीद किती आणि ताक किती यावरून महिन्याची कोणती तारीख चालली आहे ते कळायचं.

पण भूक हा त्या दिवसांचा खरा त्रास नव्हता. खरा त्रास होता तो घर गप्प झाल्याचा. आमच्या घरात पहाटेपासून सूर असे. आई जात्याशी, अप्पा तंबोऱ्याशी, मी पाटीशी, आणि तिघांचे तीन आवाज एकमेकांना धक्के देत चाललेले. आता आईने तंबोरा जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर चढवला. एकदा मी भांडी घासताना सहज एक दिंडी गुणगुणले. अप्पा भिंतीकडे तोंड करून निजले. आई बाहेर येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "घरांत सूर काढूं नको गे. त्यांच्या जिवास लागतें."

तुम्ही म्हणाल, बी.ए.ला बसणाऱ्या मुलीला गाण्याचं काय एवढं? तेच सांगायला बसले आहे.

मला वाचून समजत नसे. म्हणजे अक्षरं येत, मराठी, तमिळ, इंग्रजी तिन्ही येत. पण डोळ्यांनी वाचलेलं डोक्यात उतरतच नसे. अप्पांनी मला मांडीवर घेऊन पहिल्यापासून जे शिकवलं ते सगळं चालीवर. पाढे ओवीत, नद्या दिंडीत. शाळेत इंग्रज राजांची वंशावळ आली तेव्हा ती त्यांनी साकीत बसवून दिली, आणि बाईंनी विचारल्यावर मी उभी राहून गाऊन दाखवली. बाईंसकट वर्ग हसला, पण एक राजा चुकला नाही. आमच्या घराण्यात पुस्तक म्हणजे तोंडाने म्हणायची वस्तू. मुक्याने वाचणाऱ्याला माझी आजी म्हणे, "काय रे, पोथीचा वास घेतोस काय?" अशा रीतीने मी शाळा पार केली, प्री-युनिव्हर्सिटी पार केली. सगळं मोठ्याने, सगळं चालीत, अप्पा शेजारी बसून मांडीवर ताल धरताहेत. आणि बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं त्याच वर्षी घरातला सूर बंद झाला.

सहामाहीला मी नापास झाले. कॉलेजच्या प्रिन्सिपल बाईंनी बोलावून घेतलं. बाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. माझी फी माफ होती, ती त्यांच्याच शब्दावर. म्हणाल्या, "वार्षिक परीक्षेला पास झालीस तर माफी पुढे चालेल. नाही तर मला काही करता येणार नाही." घरी येऊन आईला सांगितलं. ती अप्पळमाची उंडी मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग पास हो."

पास व्हायला पुस्तकं लागतात. शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीची पुस्तकं मी वापरत असे. तिचं लग्न झालं आणि पुस्तकं तिच्याबरोबर तिरुचीला गेली. कॉलेजात दोन प्रती, मुली तीस. तेव्हा कुणीतरी सांगितलं, कूवम नदीचा पूल ओलांडून एग्मोरला जा. तिथे सरकारचं मोठं ग्रंथालय आहे, राज्यातल्या कुठल्याही माणसाला ते उघडं असतं. मी गेले. लाल इमारत, आत शिरल्यावर मान मागे टाकावी इतकं उंच छत, रंगीत काचांतून खाली पडलेला हिरवा-पिवळा उजेड, सागवानी कपाटं, त्यांना लावलेल्या शिड्या. एवढी पुस्तकं एका जागी मी पाहिली नव्हती. वाटलं, हे सगळं म्हणायला किती जन्म लागतील!

पुस्तक घरी न्यायचं तर जामीन लागे. एखादा सरकारी अधिकारी, नाहीतर घरपट्टी भरणारा घरमालक. आमच्या ओळखीत घरमालक म्हणजे लक्ष्मी मामी. आई पदर खोचून पुढच्या ओसरीवर गेली, मी मागे.

"मामी, पोरीच्या पुस्तकांसाठी एक सही पाहिजे."

मामींनी विड्याचं पान गालात सरकवलं. "अय्यो, रायर मामी! उद्या हिने पुस्तक हरवलं म्हणजे सरकार माझ्या घराला टाळं ठोकणार नाही कशावरून?"

"एका पुस्तकासाठी घर घ्यायला सरकार काय वेडं आहे?"

"सरकारचं काय सांगावं! आणि एवढं शिकून करणार काय ही? अप्पळम तर आत्ताच तुझ्यापेक्षा गोल लाटते."

आई म्हणाली, "म्हणूनच. आतां लाटायला तिला काही शिकायचं राहिलें नाही." आणि आम्ही परत आलो. सही मिळाली नाही ती नाहीच.

राहिलं ते वाचनगृहात बसून वाचणं. पहिल्या दिवशी मी अर्थशास्त्राचं जाड पुस्तक मागून घेतलं, बायकांच्या टेबलापाशी बसले आणि मागणीचा नियम काढला. दोनदा वाचला. काही नाही. तिसऱ्यांदा वाचताना मनातल्या मनात इंग्रजीचं मराठी केलं, आणि ते आपोआप साकीच्या मापात येऊन बसलं:

भाव वाढता मागणी घटे, भाव उतरता वाढे।
बाकी सारे जैसे तैसे, तर हा नेम न मोडे॥

इतका आनंद झाला! कितीतरी महिन्यांनी एक गोष्ट समजली होती. आणि समजली म्हणजे आमच्याकडे तोंडातून येणारच. मला स्वतःला कळलंदेखील नाही. त्या उंच छताखाली माझा आवाज असा काही घुमला की शिडीवरचा शिपाई खाली पाहू लागला. साकी संपली, आणि मी सवयीप्रमाणे दुसऱ्यांदा घ्यायला तोंड उघडलं, तोच समोरच्या खुर्चीतून एक म्हातारे गृहस्थ उठले. अंगात बंद गळ्याचा कोट, कपाळावर नाम, हातात वर्तमानपत्र अडकवायची लाकडी काठी. हे निवृत्त तहसीलदार. ग्रंथालय उघडताना आत येत आणि बंद होताना बाहेर पडत. पंख्याखालची खुर्ची त्यांचीच असं सगळे धरून चालत.

"काय अम्मा," ते तमिळमध्ये म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असे. "कालक्षेप आहे का आज? तिकीट कुठे मिळतं?"

हरिकथेलाच तिकडे कालक्षेप म्हणतात. लोक हसले. मी उभी राहिले, पुस्तक परत केलं आणि बाहेर आले. पुलावर येईपर्यंत कान जळत होते. पण एक सांगते, पूल ओलांडताना मी ती साकी पुन्हा म्हणत होते. लाज वेगळी आणि मागणीचा नियम वेगळा.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. ओठ घट्ट मिटले आणि बोटाने टेबलावर ताल धरला. ताल असला की थोडं तरी उतरत होतं. तहसीलदारांनी शिपायाला बोलावलं, "त्या बाईंना विचार, टेबलाला वाळवी लागली आहे का." बोट थांबवलं, तसं डोकंही थांबलं. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन गेले आणि उतरवून काढू लागले. पण न समजता उतरवणं म्हणजे पाथरवटाने परक्या भाषेतला शिलालेख कोरणं. आणि उतरवलेलं नेऊन म्हणायचं कुठे? घरी अप्पा भिंतीकडे तोंड करून. ओसरीवर मामी. कॉलेजच्या आवारात मुली. समुद्रावर जाऊन पाहिलं, तर एक म्हातारी येऊन बसली आणि सुंडल, म्हणजे उकडलेले चणे, विकता विकता विचारू लागली, "घरी कुणी नाही का गं तुला?"

आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुस्तक घरी येईना. सूर घरी चालेना. सूर तिथें चालेना. मग त्यांनाच विचार जा, चालेल अशी जागा कोठें. एवढें मोठें घर आहे म्हणतेस ना त्यांचें?"

मला ते पटलं. ग्रंथपालांच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. पहिल्या दिवशी ते बैठकीत होते. दुसऱ्या दिवशी दौऱ्यावर. मग पुढे एकदा मला पाहून त्यांनी खूण केली, पण आत जाईपर्यंत फोन आला. मी उभी राहत गेले. शेवटी त्यांनीच शिपायाला विचारलं, "ही मुलगी रोज कशासाठी उभी असते?" मी आत गेले. जाड चष्म्याचे, सावळे, हळू बोलणारे गृहस्थ. सगळे त्यांना नुसतं 'सार' म्हणत, मीही म्हटलं.

"सार, मला मोठ्याने वाचायला जागा हवी आहे."

त्यांना वाटलं, मी चुकून उलटं बोलले. "शांतपणे वाचायला?"

"नाही सार. मोठ्याने. गाऊन. तसं केल्याशिवाय मला समजत नाही."

त्यांनी हातातले कागद बाजूला ठेवले. मग म्हणाले, "त्या दिवशीचं ते गाणं तुम्हीच म्हटलंत? मला इथे ऐकू आलं होतं." आणि टाचणी उचलून टेबलावर ठेवत विचारलं, "पाठ करता का? पोपटासारखं?"

मला राग आला. म्हटलं, "पोपट भाव का वाढतो ते सांगत नाही, सार. विचारा मला." त्यांनी विचारलं. मी उत्तर दिलं, तेही कोत्तवालच्या बाजारातल्या वांग्यांवर. पोंगलच्या आदल्या दिवशी वांगी महाग झाली तरी लोक घेतातच, मग नियम मोडला का? नाही. कारण 'बाकी सारे जैसे तैसे' राहिलेलं नसतं, सण आलेला असतो. बोलताना माझा अंगठा पदराखाली ताल धरत होता. त्यांनी तो पाहिला असावा, कारण ते हसले.

"वाचनगृहात शांतता पाळावी असा नियम आहे," ते म्हणाले. "तो मी तुमच्यासाठी मोडणार नाही. पण नियमात 'वाचनगृहात' असं म्हटलं आहे. मागच्या अंगाला पुस्तकं बांधायची शेड आहे. ती आमच्याच आवारात आहे, म्हणून पुस्तक तिथपर्यंत नेलं तर ते बाहेर गेलं असं होत नाही. आणि ती वाचनगृह नाही, म्हणून तिथे बोललं तर चालतं. कादर भायची हरकत नसेल तर बसा."

कादर भाय म्हणजे बाइंडर. त्यांची कसली हरकत! खळीच्या पातेल्याशी बसलेले असत, दाभणाने पानं शिवत, आणि एकटे असल्याने कंटाळलेले. म्हणाले, "पाडु मा, पाडु. गा. इथे बसून फक्त उंदरांचंच ऐकतो मी." तिथे मी रोज दुपारी जाऊ लागले. खळीचा आंबूस वास, फाटक्या पुठ्ठ्यांची रास, पत्र्यावर कडुलिंबाच्या निंबोळ्यांची टपटप, आणि माझा आवाज. इतक्या वर्षांनंतर आजही ताज्या खळीचा वास आला की मला घटत्या उपयोगितेचा सिद्धान्त आठवतो. लोकांना अत्तरावरून नवरा आठवतो म्हणतात.

महिनाभर झाला असेल. उन्हाळा चढला तसं आईने जेवणाचा डबा अप्पांबरोबर पाठवायला सुरुवात केली. मला वाटतं, डबा हे निमित्त होतं. भिंतीकडे तोंड करून निजलेल्या माणसाला उठवून चालायला लावायचं, एवढाच तिचा बेत असावा. विचारलं असतं तर तिने कबूल केलं नसतं. मी शेडमध्ये डोळे मिटून साकी म्हणत होते. उघडून पाहते तो दारात अप्पा, हातात पितळी डबा. माझी साकी घशातच राहिली. वाटलं, आता ते वळतील आणि निघून जातील. नकळत हात जोडले गेले माझे.

अप्पांनी डबा खाली ठेवला. कादर भायनी पुठ्ठ्यांची रास सरकवून जागा केली, तिथे बसले. मग ती कुजबुज, ऐकायला मला पुढे वाकावं लागलं. "पुन्हां म्हण."

म्हटली.

"मागणीवर जोर कां देतेस? आधीं हलतो तो भाव. जोर भावावर दे. मागणी त्याच्या मागून चालत येईल."

आणि त्यांचा हात मांडीवर पडला. ताल सुरू झाला.

त्या दिवसापासून अप्पा रोज येऊ लागले. इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता. मी धडा वाचून घरच्या मराठीत सांगायची आणि ते कुजबुजत विचारायचे, "पात्रें कोण कोण?" कथेकऱ्याला आधी पात्रं लागतात. भाडं, मजुरी, व्याज आणि नफा यांचा धडा आला. मी तीन दिवस त्याच्याशी झुंजत होते. अप्पा म्हणाले, "चौघे भाऊ म्हण. शेत एकच. एकाची जमीन, एकाचे हात, एकाचें भांडवल. आणि चौथा घरांत बसून योजना करणारा, त्याला सगळे निघून गेल्यावर उरेल तें." मग प्रत्येक भावाला एकेक दिंडी. खोटं नाणं खऱ्या नाण्याला बाजारातून हाकलतं, हा नियम सांगितला, तेव्हा ते आवाज नसलेलं हसले. खांदे हलले फक्त. "हें नवीन काय? वाईट पाहुणा आला कीं चांगला आपण होऊन उठून जातो." कादर भाय दाभण थांबवून म्हणाले, "रायर, हे माझ्या मेव्हण्याबद्दल आहे."

हळूहळू दारात माणसं उभी राहू लागली. बागेत पाणी घालणाऱ्या बायका, शेजारच्या कचेरीतले दोन शिपाई, डबा खायला सावली शोधणारी माणसं. त्यांना अर्थशास्त्र नको होतं, चाल हवी होती. पण चौघे भाऊ ऐकून एक माळीण म्हणाली, "हातवाल्या भावाला सगळ्यांत कमी का?" मी म्हटलं, "तोच प्रश्न परीक्षेला येणार आहे, अक्का." आलाही.

मग तहसीलदारांनी तक्रार केली. लेखी नव्हे. ते थेट ग्रंथपालांच्या खोलीत गेले आणि तिथून ग्रंथपालांना घेऊनच शेडकडे आले. परीक्षा अगदी तोंडावर आली होती. दारातली माणसं बाजूला झाली.

"पाहा," तहसीलदार काठी रोखत म्हणाले. "सरकारी इमारतीत भजनी मंडळ! उद्या नवस फेडायला येतील. ग्रंथालय वाचणाऱ्यांसाठी आहे की नाही?"

अप्पा उठून उभे राहिले. माणूस आयुष्यभर शेकडो लोकांसमोर बोललेला, आता एक शब्द निघेना. त्यांचे ओठ हललेले मी पाहिले, आणि मग मला कशाचीच भीती वाटली नाही.

"मी वाचतेच आहे, तहसीलदार सार," मी म्हटलं. "हे पुस्तक पाहा, आजचं पान पाहा. कुठल्याही पानावर विचारा."

"वाचन गुपचूप करतात, मुली. चार लोकांत राहायची रीत असते."

"मग तुम्ही जेवणानंतर पंख्याखाली घोरता, ते कुठल्या रीतीत बसतं? त्याची तक्रार आम्ही कधी केली?"

बागेतल्या बायका खो खो हसल्या. कादर भायनी तोंड खळीच्या पातेल्यात घातल्यासारखं केलं. तहसीलदार लाल झाले. आणि माझ्या लक्षात आलं की मी मोठी चूक केली, हा माणूस आता मला इथून काढल्याशिवाय राहणार नाही. जागा जाणार, परीक्षा जाणार, कॉलेज जाणार. पण शब्द परत घ्यावा असं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

ग्रंथपाल आमच्या दोघांच्या मधे येऊन उभे राहिले. मग त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "सार, तुम्ही रोज येता. पंख्याखाली बसता, वर्तमानपत्र वाचता, थोडी विश्रांती घेता. तुमचा तो हक्क आहे, म्हणून मी कधी कुणाला उठवू दिलं नाही. ही मुलगी घरी वाचू शकत नाही, आत वाचू शकत नाही, पुस्तक घरी नेऊ शकत नाही. तिला नाही म्हटलं तर हे ग्रंथालय तुमचं आणि माझं राहील, राज्याचं राहणार नाही. शेडचा आवाज आत पोचतो का, ते मी स्वतः तुमच्या खुर्चीत बसून पाहिलं आहे. पोचत नाही. तुम्हाला ऐकू आला, कारण तुम्ही ऐकायला इथवर आलात."

तहसीलदार काठी काखेत मारून निघून गेले. त्यानंतर पुष्कळ वर्षं ते मला पाहून मान फिरवत. त्यांनी मला माफ केलं नाही आणि मीही त्यांना केलं नाही. म्हातारपणी सगळ्यांशी गोड व्हावं म्हणतात, पण मला खोटं लिहायला जमत नाही. ग्रंथपाल जाताना माझ्यापाशी थांबले. "घोरण्याचं बोलायला नको होतं," ते म्हणाले. मग थोडं पुढे जाऊन वळले. "पण खरं आहे."

आता पुष्कळांना वाटतं की ग्रंथालय म्हणजे पुस्तकांचं कोठार, आणि हल्ली तर तेही खिशातल्या फोनमध्ये मावतं. माझी नात अड्यारच्या माझ्या या घरात कानांत तारा घालून अभ्यास करते, पुस्तक तिला वाचून दाखवलं जातं. मी तिला सांगितलं, "आम्ही हेच मागत होतो, फक्त आम्हाला जागा मागावी लागली." मला त्या इमारतीने पुस्तक दिलं, ते कुठेही मिळालं असतं, कदाचित. माझ्या रीतीने वाचायची परवानगी दुसऱ्या कुणी दिली नसती. एक पुण्याच्या बाई मला म्हणाल्या होत्या, तुमचं मराठी जुनं आहे हो, पोथीतलं. म्हटलं, पोथीतलंच आहे. त्याच पोथीने मला अर्थशास्त्र शिकवलं.

परीक्षा शहरातल्या दुसऱ्या कॉलेजात होती. मोठं दालन, पुन्हा तीच शांतता. प्रश्नपत्रिका उघडली आणि पहिल्या प्रश्नाला ओठ हलू लागले. आवाज मी बाहेर येऊ दिला नाही. इतके महिने मोकळेपणी म्हटलं होतं की आता तो आतच घुमू शकत होता, हे मला त्या क्षणी कळलं. साकी आत म्हणायची, तिचं मराठी पुन्हा इंग्रजी करायचं, आणि कागदावर उतरवायचं. पर्यवेक्षक दोनदा माझ्या बाकापाशी येऊन उभे राहिले, हाताखाली, पदराखाली काही आहे का पाहून गेले. एकदा विचारलंही, "कुणाशी बोलता आहात?" मी म्हटलं, "चौघा भावांशी, सार," आणि लिहीत राहिले. ते वेडीकडे पाहावं तसे पाहून पुढे गेले.

निकाल वर्तमानपत्रात आला. तो पाहायला मी ग्रंथालयातच गेले, कारण आमच्याकडे वर्तमानपत्र येत नसे. अप्पा बरोबर होते, आईही त्या दिवशी अप्पळम टाकून आली होती. ती पहिल्यांदाच त्या इमारतीत शिरली. छताकडे पाहून म्हणाली, "इतक्या मोठ्या घरांत तुला जागा सापडेना होती?" नंबर माझ्या बोटाखाली होता. मी मोठ्याने वाचला. शिपायाने ऐकलं, पण त्या दिवशी काही म्हटलं नाही.

फीची माफी चालू राहिली, पुढच्या वर्षांचा सगळा अभ्यासही मी त्याच शेडमध्ये केला, आणि बी.ए. झाले. अर्थशास्त्रात, दुसऱ्या वर्गात. आमच्या घराण्यात, बायकांत आणि पुरुषांत मिळून, पदवी घेणारी मी पहिली.